वाचक विचारतात : बंद कोळसा खाणीतून येणारं तांबडं पाणी

बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या पाण्याबद्दल नाशिक शहर, दिंडोरी, निफाड आणि सिन्नर भागातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. या सदरात 'वणी' म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातली, आपल्या दिंडोरी तालुक्यातली नव्हे.

प्रश्न : नाशिकच्या जमिनीत कोळसा नाही. मग चंद्रपूर-वणीच्या खाणींची काळजी आपण का करायची? आणि खाण बंद झाल्यावर पाणी आणखी बिघडतं, ते कसं? (पंचवटी)

ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी सिरोंच्याजवळ प्राणहितेला भेटते. वर्धा आणि वैनगंगा मिळून ही प्राणहिता होते आणि वर्धेच्या दोन्ही अंगांना वणी, घुग्गुस, बल्लारपूरच्या खाणी आहेत. नदी एकच आहे, आपण तिच्या वरच्या टोकाला आहोत एवढंच. शिवाय एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसाही रेल्वेनं बाहेरूनच येतो. त्या खाणींचा हिशेब आपल्या घरातल्या दिव्यापर्यंत पोचतो.

आता दुसरा भाग. कोळशात आणि त्याला लागून असलेल्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं पिवळसर चमकणारं खनिज. खाण चालू असते तेव्हा पंप पाणी उपसत राहतात, भिंती उघड्या पडतात, पायराइटला हवा लागते आणि त्याचे क्षार भिंतींवर साचतात. पंप बंद झाले की पाणी हळूहळू वर चढतं, हे सगळे क्षार विरघळवून घेतं आणि सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं. हवा, पाणी आणि पायराइट एकत्र आले की गंधकाचं आम्ल तयार होतं. लोखंडावर जगणारे जिवाणू ही क्रिया कित्येक पटींनी वेगवान करतात. सुरुवातीचं पाणी सर्वांत वाईट असतं. ब्रिटनमधल्या खाणींचा अनुभव असा, की खाण भरायला जेवढी वर्षं लागली त्याच्या साधारण चौपट काळ हा पहिला जोर टिकतो. तो ओसरला तरी पाणी पूर्ण निवळत नाही. काही ठिकाणी ते शंभर वर्षांनंतरही तसंच वाहतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. महाराष्ट्रातला गोंडवाना कोळसा बहुतेक ठिकाणी कमी गंधकाचा, साधारण एक टक्क्याच्या आतला आहे. त्यामुळे इथल्या बऱ्याच खाणींचं पाणी आम्लधर्मी नसतं. त्यात जडपणा आणि सल्फेट जास्त असतं. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांच्या कोळशात गंधक कितीतरी जास्त, म्हणून तिथल्या नद्या आम्लानं मेल्या. मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीच्या गोरबी खाणीतही तीव्र आम्लाचं पाणी साठलं. म्हणून खाण दिसली की आम्ल असणारच, असं धरून कामाला लागू नका. आधी मोजा.

प्रश्न : वणीजवळ आमच्या गावाकडे जुन्या भूमिगत खाणीच्या तोंडातून बारमाही पाणी येतं. तोंडाशी नितळ, शंभर पावलांवर तांबडं. गावानं वर्गणी काढून नाल्यात चार ट्रॅक्टर चुनखडी टाकली. दोन महिने फरक दिसला, मग काहीच नाही. काय चुकलं? (गंगापूर रोड)

नाल्यातला एक दगड उचला आणि हातोडीनं फोडा. बाहेरून नखाएवढा जाड तांबडा-तपकिरी थर, आत पांढरीशुभ्र चुनखडी, जशी आणली तशीच. चुनखडी संपलेली नाही, ती झाकली गेली आहे.

तोंडाशी पाणी नितळ असतं कारण त्यातलं लोखंड विरघळलेल्या रूपात असतं. खाणीच्या आत ऑक्सिजन नसतो. हवा लागली की तेच लोखंड गंजासारखं होऊन खाली बसतं. तुमची चुनखडी नेमकी जिथे हवा लागते तिथे पडली. प्रत्येक दगडावर गंजाचं कवच चढलं आणि आम्ल मारण्याचं काम जवळपास थांबलं. उघड्या चारीत चुनखडी चालते, पण उतार दहा टक्क्यांहून जास्त, शक्यतो वीस टक्के हवा, म्हणजे पाण्याच्या माऱ्यानं कवच खरवडलं जातं. वणीच्या सपाट रानात तो उतार मिळणार नाही.

उपाय असा, की पाण्याला हवा लागण्याआधीच ते बंदिस्त चुनखडीतून न्यायचं. ते जमेल का, हे चार मोजमापांवर ठरतं.

पहिलं, प्रवाह. पत्र्यात ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, कापून चारीत बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची ५ सें.मी. असेल तर प्रवाह सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडा वर, १० सें.मी. असेल तर सुमारे ४.४ लिटर आणि १५ सें.मी. असेल तर सुमारे १२ लिटर. उंची खाचेवर मोजू नका, थोडं मागे, पाणी संथ असेल तिथे मोजा. वर्षभर, निदान महिन्यातून दोनदा. एका भेटीच्या आकड्यावर बांधलेली रचना पावसाळ्यात वाहून जाते.

दुसरं, सामू (पीएच) आणि अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल मारण्याची ताकद. या दोन्ही गोष्टी जागेवरच मोजायच्या. बाटली नाशिकला आणून मोजली तर वाटेत लोखंड बसतं, आम्ल सुटतं आणि सामू खाली गेलेला दिसतो.

तिसरं, धातू. दोन बाटल्या घ्या. एक काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात. ही आम्लता आणि सल्फेटसाठी. दुसरी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, नायट्रिक आम्लानं सामू २ च्या खाली आणलेली. ही लोखंड, ॲल्युमिनियम आणि मँगनीजसाठी. प्रयोगशाळेला लोखंडाची दोन्ही रूपं वेगवेगळी मागा.

चौथं, विरघळलेला ऑक्सिजन. तो लिटरला १ मिलीग्रामच्या आत, गंजरूपातलं लोखंड १ च्या आत आणि ॲल्युमिनियमही १ च्या आत असेल तरच बंदिस्त चुनखडीचा चर बांधा. ॲल्युमिनियम जास्त असेल तर ते चरातच पांढऱ्या लगद्यासारखं बसतं आणि काही महिन्यांत चर तुंबतो. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण चर उकरल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही.

खर्च करण्याआधी एक स्वस्त चाचणी करा. दुमडणाऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये त्याच चुनखडीचे धुतलेले तुकडे भरा, खाणीच्या तोंडाशी पाण्याखाली धरून कॅन भरा, सगळी हवा दाबून काढा आणि बूच लावा. ४८ तासांनी अल्कता मोजा. जो आकडा येईल, साधारण तेवढीच अल्कता चर देईल. १ मिलीग्राम लोखंडाला १.८ मिलीग्राम अल्कता लागते. म्हणजे लोखंड ५० असेल तर निदान ९०, आणि हाताशी थोडी शिल्लक हवी.

आता हिशेब. प्रवाह सेकंदाला १ लिटर, लोखंड ५० मिलीग्राम, कॅनमध्ये अल्कता २०० आली असं धरू. पाणी चुनखडीत १५ तास राहायला हवं. १५ तासांचं पाणी ५४ घनमीटर. दगडांमधली पोकळी जवळपास निम्मी असते, त्यासाठी सुमारे १७६ टन चुनखडी लागते. शिवाय वर्षाला ६.३ टन विरघळणार. २० वर्षं आणि ९० टक्के शुद्धता धरली तर आणखी १४०. एकूण ३१६ टन. म्हणजे ३ मीटर रुंद, दीड मीटर खोल आणि ४४ मीटर लांब चर. चार ट्रॅक्टर का पुरले नाहीत, ते इथे दिसतं.

दगड ५ ते १० सें.मी. आकाराचा, धुतलेला, चुरा नसलेला हवा. चुनखडी म्हणून डोलोमाइट गळ्यात पडू देऊ नका. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट सुस्त राहतो. दगड लांबून आणावा लागणार नाही. वणी, कोरपना, राजुरा हा चुनखडीचाच पट्टा आहे, तिथले सिमेंट कारखाने त्याच दगडावर उभे आहेत.

चराच्या तळाला आणि वर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद घाला आणि कागदावर निदान ६० सें.मी. माती. ही माती काळी नको. वैशाखात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कागद ताणला जातो आणि हवा आत शिरते. मुरूममिश्रित चिकण माती दाबून बसवा. वर झाडं लावू नका, मुळं कागद फाडतात. बाहेर पडणारा पाइप चुनखडीच्या माथ्यापेक्षा वर उचललेला असावा, म्हणजे दगड कायम बुडालेला राहील. नेमका हाच बेंड बसवायचा राहतो. पाइप तळाला सोडला की चर अर्धा रिकामा होतो, आत हवा भरते आणि तुमच्या नाल्यात झालं तेच पुन्हा जमिनीखाली होतं, फक्त कुणाला दिसत नाही.

चरातून आलेल्या पाण्याला आता मुद्दाम हवा द्यायची. तीन-चार पायऱ्यांवरून पाडलं की पुरतं. एका पडण्यात मिळणारा ऑक्सिजन साधारण ५० मिलीग्राम लोखंडाला पुरतो. लोखंड जास्त असेल तर तळ्यानंतर पुन्हा पायऱ्या. मग दोन दिवस पाणी राहील असं निवळणीचं तळं, इथल्या हिशेबानं १७३ घनमीटरचं. त्यानंतर १५ ते ४५ सें.मी. खोलीची, पाणकणीस लावलेली पाणथळ जागा. तिच्यासाठी चौरस मीटरला रोज १० ग्रॅम लोखंड धरा. रोजचं लोखंड ४.३ किलो, म्हणून सुमारे ४३० चौरस मीटर. ३० बाय ३० च्या शेततळ्याच्या निम्म्यापेक्षा थोडी कमी जागा.

ॲल्युमिनियम किंवा ऑक्सिजन जास्त असेल तर चुनखडीवर शेणखत-कंपोस्टचा थर घालून पाणी वरून खाली झिरपवतात. कंपोस्ट ऑक्सिजन खातं. तळाशी भोकांचे पाइप आणि मोठा व्हॉल्व्ह हवा, तो ठरावीक काळानं झटक्यात उघडून साचलेला पांढरा लगदा धुऊन काढायचा. पाणी फारच आम्लधर्मी असेल तर विझवलेला चुना यंत्रानं सोडणं भाग पडतं. दर लिटरला जेवढे मिलीग्राम आम्लता, त्याच्या पाऊणपट चुना. सेकंदाला १ लिटर आणि आम्लता १४० असेल तर रोज सुमारे ९ किलो शुद्ध चुना, तोही सणवार न बघता.

प्रश्न : हेच पाणी तुरटी फिरवून किंवा उकळून पिता येईल का? (सिडको)

नाही. तुरटीत ॲल्युमिनियमचं सल्फेट असतं. ती सामू आणखी खाली आणते आणि आधीच जास्त असलेल्या सल्फेटमध्ये भर घालते. उकळल्यानं सल्फेट जात नाही, पाणी आटल्यानं उलट दाट होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेटची मर्यादा लिटरला २०० मिलीग्राम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ४००. मँगनीजची ०.१, नाइलाजानं ०.३. वाळूच्या गाळणीनं लोखंड निघतं, सल्फेट नाही. त्याला आरओच लागतो.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांची वणी भागात संत्र्याची बाग आहे. खाणीचं पाणी ठिबकला देतात. सामू ७.५ आहे तरी ड्रिपर सारखे चोक होतात. (निफाड)

सामू ठीक असला म्हणजे पाणी ठीक, असं नाही. ठिबकसाठी लोखंड लिटरला ०.१ मिलीग्रामच्या आत असेल तर चिंता नाही, १.५ च्या वर गेलं की चोकअप ठरलेला. नुसतं आम्ल सोडल्यानं लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुतले जातात, पण आठवड्यात पुन्हा भरतात. पाणी आधी उंचावरून टाकीत पाडा, एक दिवस राहू द्या, मग वाळूचा फिल्टर, मग डिस्क फिल्टर. लॅटरलमध्ये बुळबुळीत तांबडा चिकटा असेल तर तो लोहजिवाणूंचा. त्यासाठी क्लोरीन द्यायचं ते वाळूच्या फिल्टरच्या आधी. नंतर दिलं तर विरघळलेलं उरलंसुरलं लोखंड ड्रिपरच्या तोंडाशीच बसतं. आणि द्राक्षवाल्यांना सांगायला नको, तरी : सल्फेटच्या पाण्यात दाट कॅल्शियम नायट्रेट कालवू नका. जिप्सम होऊन तळाशी बसतं.

प्रश्न : आम्ही दिंडोरीकडे पाणीवापर संस्था चालवतो. खाणीच्या पाण्यासाठी अशीच सहकारी संस्था उभी राहू शकते का? बाहेर कुठे झाली आहे? (दिंडोरी)

झाली आहे आणि सर्वांत जास्त अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात. तिथे साडेपाच हजार मैलांहून अधिक लांबीचे ओढे-नद्या खाणींच्या पाण्यानं बिघडलेले आहेत. १९७७ च्या केंद्रीय कायद्यानं चालू खाणींवर दर टनामागे शुल्क बसवलं आणि तो पैसा जुन्या बेवारस खाणींसाठी ठेवला. पण प्रत्यक्ष काम ओढ्याकाठच्या गटांनी उचललं. स्लिपरी रॉक खोऱ्यातल्या गटासारखे गट जमीनमालक, जिल्हा मृदसंधारण कार्यालय, महाविद्यालयं, चुनखडीचे खाणवाले आणि राज्याचं पर्यावरण खातं यांना एका टेबलाशी आणतात. गाडं एका प्रश्नावर अडत होतं : दुसऱ्यानं बिघडवलेल्या पाण्याला आपण हात लावला, तर उद्या प्रदूषक म्हणून आपल्यालाच धरतील का? १९९९ मध्ये राज्यानं कायदा करून अशा स्वयंसेवी गटांना आणि जमीन देणाऱ्यांना कायदेशीर संरक्षण दिलं.

पैशाचा धडा मात्र अलीकडचा आहे. २०२१ मध्ये अमेरिकी सरकारनं बेवारस खाणींसाठी ११.३ अब्ज डॉलर मंजूर केले, पण पुढच्या दुरुस्तीसाठी त्यातून ठेव बाजूला काढायची मुभा नव्हती. बांधायला पैसा आहे आणि गाळ काढायला नाही, हे लक्षात आल्यावर २०२२ अखेर वेगळा कायदा करून अनुदानाच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम दीर्घकालीन निधीत ठेवायची परवानगी दिली गेली.

आमचं ठाम मत असं, की तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. चर आणि तळी बांधणारे मिळतात. सातव्या वर्षी गाळ उपसणारा मिळत नाही. वरच्या उदाहरणात रोज सव्वाआठ किलो कोरडा गाळ तयार होतो, वर्षाला तीन टन. ओल्या गाळात घन भाग दहा टक्के धरला तर वर्षाला ३० टन. म्हणजे १७३ घनमीटरचं तळं तीन वर्षांत निम्मं भरतं. निम्मं भरलं की पाणी थांबत नाही, तांबडंच पुढे जातं आणि लोक म्हणतात, 'योजना फसली.'

ओझर आणि वाघाडच्या पाणीवापर संस्थांकडून घेण्यासारखं खूप आहे : ताब्यात घेण्याआधी संयुक्त पाहणी आणि दुरुस्ती, हस्तांतराच्या ठिकाणी मोजमाप, शेपटाकडच्या शेतकऱ्याचा कारभारात आवाज. २००५ च्या राज्य कायद्यानं अशा संस्थांना पाया दिला. पण एक फरक मनात पक्का धरा. तुमच्या सभासदाला पाणी मिळतं म्हणून तो पाणीपट्टी भरतो. इथे सभासदाला मिळतं ते फक्त न बिघडलेला नाला. त्यावर पट्टी वसूल होणार नाही. म्हणून पहिल्या दिवशीच देखभालीची ठेव वेगळ्या खात्यात हवी आणि मुद्दलाला हात न लावता व्याजातून गाळ निघाला पाहिजे. ठेव जमत नसेल तर बांधकाम लहान करा, ठेव लहान करू नका.

पैसा कुठून? आपल्याकडे खाणी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच सरकारी झाल्या, त्यामुळे बहुतेक बंद खाणींना मालक आहे. केंद्रीय कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या सूचनांनी खाण बंद करण्याचा आराखडा आणि एस्क्रो खातं, म्हणजे त्याच कामासाठी पैसा बांधून ठेवणारं खातं, आवश्यक केलं. तेव्हाचा दर खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला १ लाख रुपये. आराखड्यात पाण्याच्या गुणवत्तेसाठी काय लिहिलं आहे, ते ग्रामसभेनं लेखी मागावं. दुसरा स्रोत जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणबाधित भागासाठीचा जिल्ह्याचा निधी. पिण्याचं पाणी आणि प्रदूषण नियंत्रण हे त्याच्या उच्च प्राधान्याच्या कामांत येतात.

करार लिहिताना खाणीचं तोंड आणि तिथल्या विसर्गाची जबाबदारी खाणमालकाकडेच ठेवा. संस्थेनं ती अंगावर घेऊ नये, कारण आपल्या १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात पेनसिल्वेनियासारखं संरक्षण नाही. जागेचा वापर निदान वीस वर्षांसाठी नोंदवून घ्या. गाळ कुठे टाकायचा, ती जागाही आधी ठरवा. पाणी तपासणी जवळच्या अभियांत्रिकी किंवा विज्ञान महाविद्यालयाकडे द्या. आठवड्याला पाइपाच्या तोंडावरचा पालापाचोळा काढणं, व्ही-नॉचची उंची आणि सामू वहीत लिहिणं, हे काम गावातल्या एका माणसाला मानधनावर द्या. फुकटात ते सहा महिन्यांत बंद पडतं. तीन महिन्यांतून एकदा प्रयोगशाळा, वर्षातून एकदा, पावसाआधी, गाळाची खोली काठीनं मोजणं. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच एक जादा नमुना घ्या. उन्हाळ्यात कोळशाच्या ढिगांवर फुललेले क्षार त्या पावसात एकदम धुपतात आणि सामू दोन दिवसांत खाली येतो. वहीत हे नोंदलेलं नसेल तर दोष रचनेला लागतो.

प्रश्न : तो पिवळा-तांबडा गाळ शेतात टाकावा का? विकला जातो का? (सिन्नर)

शेतात टाकू नका. लोखंडाचा हा गाळ स्फुरद घट्ट धरून ठेवतो, पिकाला दिलेलं खत वाया जातं.

विक्री शक्य आहे, कारण हा गाळ म्हणजे भिंतींना लावतात ती पिवडीच. भाजली की गेरूसारखी तांबडी होते. ओहायो विद्यापीठ आणि तिथल्या 'रुरल ॲक्शन' या संस्थेनं मिळून संडे क्रीक या ओढ्याच्या खाणपाण्यातून चित्रकारांच्या रंगांसाठी असा लोहरंग काढला आहे. अट एकच : गाळ स्वच्छ हवा. चुना मिसळून बसवलेल्या गाळात जिप्सम आणि न विरघळलेला चुना राहतो, त्याचा रंग फिका पडतो. चुनखडीच्या चरानंतर निव्वळ हवेनं बसलेला गाळ चांगला. आर्सेनिक आणि जड धातूंची तपासणी करून घ्या, आणि या उत्पन्नावर देखभालीचं अंदाजपत्रक मांडू नका.

प्रश्न : चुनखडीऐवजी नाशिकची काळी खडी चालेल का? एकलहऱ्याची राख? (नाशिकरोड)

खडी नाही. बेसाल्ट आम्ल मारतो, पण इतका सावकाश की १५ तासांत काहीच होत नाही. (पायराइट नसल्यामुळे आपल्याकडच्या दगडखाणींत साठलेलं पाणी असं तांबडं आम्ल होत नाही.) राखेनं खाणीच्या पोकळ्या भरतात, पण आपल्या राखेत चुना कमी असतो. एकटीनं ती आम्ल मारत नाही आणि बोरॉन, आर्सेनिक पाण्यात उतरण्याची भीती राहते. चाचणीशिवाय नको.

प्रश्न : आमचा महाविद्यालयीन गट नमुने घ्यायला जाणार आहे. काय सांभाळावं? (कॉलेज रोड)

खाणीच्या तोंडात एक पाऊलही टाकू नका. जुन्या खाणीतली हवा ऑक्सिजन संपलेली असते. तिला वास नाही, रंग नाही. वाकून बाटली भरणारा माणूस तिथेच कोसळतो आणि त्याला ओढायला गेलेला दुसराही. हवेचा दाब उतरला की, म्हणजे वादळी पावसाच्या आधी, ही हवा तोंडाबाहेरही येते, त्या दिवशी जाऊच नका. खुल्या खाणीच्या तळ्याचा काठ सरळ खोल असतो आणि माती ढासळते, तिथे दोरी बांधलेल्या डब्यानं दुरून पाणी काढा. कंपोस्टच्या तळ्याजवळ सडक्या अंड्यांचा वास आला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरका. तो वास अचानक यायचा थांबला, तर वायू गेला असं समजू नका. जास्त वायूनं नाकच बधिर होतं. लगेच उघड्यावर या.